कोटेड कॅपिलरीत धातूंचे आयन वेगळे करताना : भिंत, बफर आणि पहिला रन

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत व्होल्टेज लावून, धातूंचे आयन वेगळे करायला बसलेल्या नवशिक्याची एक समजूत हमखास दिसते: कोटेड (आतून थर दिलेली) कॅपिलरी बसवली की पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, आपोआप सुटे होतील. तसं होत नाही. कोटिंग भिंतीचा बंदोबस्त करतं. कोणता आयन कोणापासून सुटणार, हे बफरमध्ये, म्हणजे नळीत भरलेल्या पीएच राखणाऱ्या द्रावणात, काय घातलं आहे यावर ठरतं. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की रन बिघडल्यावर कुठे बघायचं ते लगेच कळतं. म्हणून या लेखातही आधी भिंत, मग बफर आणि शेवटी यंत्र असा क्रम ठेवला आहे.

भिंतीची अडचण काय आहे

आपली कॅपिलरी म्हणजे फ्यूज्ड सिलिकाची नळी. आतला व्यास साधारण ५० किंवा ७५ मायक्रोमीटर, बाहेरून पॉलिइमाइडचं तपकिरी आवरण. १९८१ साली जॉर्गेन्सन आणि ल्युकॅक्स यांनी ७५ मायक्रोमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत ३० किलोव्होल्टपर्यंत विद्युतदाब लावून हे तंत्र किती तीक्ष्ण पीक देऊ शकतं ते दाखवलं. तेव्हापासून नळीचा आकार फारसा बदललेला नाही आणि तिच्या भिंतीचा स्वभावही.

सिलिकाच्या आतल्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले -OH गट) असतात. पीएच २-३ च्या वर गेला की ते प्रोटॉन सोडू लागतात आणि भिंत ऋणभारित होते. तिच्यालगत धन आयनांचा थर जमतो आणि व्होल्टेज लावल्यावर हा थर नळीतलं सगळं द्रावण कॅथोडकडे ओढून नेतो. हाच इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाह, म्हणजे ईओएफ.

धातूंचे आयनही कॅथोडकडेच निघालेले असतात. प्रवाह त्यांच्याच दिशेने वाहतो म्हटल्यावर ते लवकर पोहोचतात ही सोय वाटते, पण वेगळं व्हायला त्यांना वेळच मिळत नाही. जोराच्या धारेत पोहणारे चपळ आणि संथ असे दोघेही जवळजवळ एकाच वेळी खालच्या घाटाला लागतात, तसं होतं.

आकड्यांत पाहू. एकूण ६० सेंमी कॅपिलरी, डिटेक्टरपर्यंत ५० सेंमी, २० किलोव्होल्ट. २५ अंश सेल्सिअसला, अतिविरल द्रावणात पोटॅशियमची गतिशीलता (व्होल्टेजखाली आयन किती वेगाने सरकतो त्याचं माप) ७.६ आहे आणि लिथियमची ४.० (दोन्ही १० च्या उणे चौथ्या घातात, चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद). ईओएफ शून्य असेल तर पोटॅशियम सुमारे १९७ सेकंदांत येतो आणि लिथियम ३७४ सेकंदांत. मधे जवळजवळ तीन मिनिटांची मोकळी जागा. आता त्याच नळीत ४.० इतका ईओएफ धरा. पोटॅशियम १२९ सेकंदांवर, लिथियम १८७ वर. बाकीच्या सगळ्या आयनांना आता ५८ सेकंदांत दाटीवाटीने बसावं लागेल.

याहून त्रासदायक म्हणजे हा प्रवाह स्थिर नसतो. भिंत आधी कशाने धुतली, आधीच्या नमुन्यात काय होतं, नळी रात्रभर कशात भरून ठेवली, या सगळ्याचा सिलॅनॉलवर परिणाम होतो आणि पीकची वेळ सरकत राहते. शिवाय दोन-तीन प्रभार असलेले आयन ऋणभारित भिंतीला चिकटतात आणि पीकला शेपूट फुटते.

कोटिंग खरंच हवं का?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. पाण्यातले फक्त सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजायचे असतील, तर पीएच ३ ते ४.५ च्या आम्लधर्मी बफरमध्ये साधी कॅपिलरीही नीट काम देते, कारण त्या पीएचला ईओएफ मुळातच कमी असतो. कोटिंगची गरज लागते ती गर्दी असेल तेव्हा: संक्रमण धातू किंवा दुर्मिळ मृदा धातू एकत्र असतील, नमुन्यात प्रथिनं किंवा ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या वनस्पतींतून आलेले) असतील, पीएच ६ च्या आसपास काम करायचं असेल किंवा शेकडो रनमध्ये पीकची वेळ जागची हलू द्यायची नसेल.

कोणतं कोटिंग निवडायचं

तटस्थ कोटिंगमध्ये भिंतीवर प्रभाररहित बहुवारिक (पॉलिमर) बसवलेलं असतं, बहुधा रेषीय पॉलिअॅक्रिलअमाइड किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. पॉलिअॅक्रिलअमाइड भिंतीला रासायनिक बंधाने जोडण्याची पद्धत येर्टेन यांनी १९८५ मध्ये मांडली. यात ईओएफ जवळजवळ संपतो आणि आयन निव्वळ स्वतःच्या गतिशीलतेवर चालतात. वेगळेपणा सर्वाधिक हवा असेल तर हेच घ्या. पण हे घरच्या घरी करण्याचा मोह पहिल्याच महिन्यात नको. अॅक्रिलअमाइडचा एकक-रेणू मज्जासंस्थेला घातक आहे आणि सिलेनची (भिंत आणि बहुवारिक जोडणाऱ्या सिलिकॉन-संयुगाची) पायरी ओलाव्याला फार संवेदनशील असते. तयार कॅपिलरी विकत घेणं शहाणपणाचं.

ऋणभारित कोटिंगमध्ये आधी पॉलिब्रीनसारख्या धनभारित बहुवारिकाचा थर आणि त्यावर डेक्स्ट्रान सल्फेटचा थर देतात. सल्फेट गट कामाच्या सगळ्या पीएचला आयनित राहतात, त्यामुळे ईओएफ कॅथोडकडेच असतो पण पीएच बदलला तरी जवळपास तेवढाच राहतो. रन झटपट होतात आणि वेळा जुळतात. मात्र तीन प्रभारांच्या आयनांना सल्फेटची भिंतही थोडी धरून ठेवू शकते. तिथे तटस्थ कोटिंग बरं.

धनभारित कोटिंग, म्हणजे नुसत्या पॉलिब्रीनचा थर, ईओएफची दिशाच उलटवतं. मोकळ्या धन आयनांसाठी ते क्वचितच सोयीचं पडतं, कारण प्रवाह त्यांच्या विरुद्ध वाहतो आणि संथ आयन डिटेक्टरपर्यंत येतच नाहीत. पण धातूंना ईडीटीएसारख्या घट्ट धरणाऱ्या द्रव्यात गुंतवून ऋणभारित संयुगं केली, तर ती याच कॅपिलरीत अॅनोडकडे वेगाने येतात. शिवाय यांपैकी काही संयुगं अतिनील प्रकाश सरळ शोषतात. तांबं आणि लोखंड यांच्यासाठी ही वाट उत्तम आहे.

शिकायला सुरुवात म्हणून माझा सल्ला असा: एक तयार तटस्थ कॅपिलरी घ्या आणि सोबत दुहेरी थराची (वर सांगितलेली ऋणभारित) एक कॅपिलरी स्वतःच्या हाताने करा. थर देताना ईओएफ डोळ्यांसमोर दिशा बदलतो, आणि भिंतीबद्दलची समज त्यातून जेवढी पक्की होते तेवढी वाचून होत नाही.

दुहेरी थर देण्याची कृती

१. साध्या कॅपिलरीचे ६० सेंमी कापून घ्या. कापणं सरळ झालं पाहिजे, टोकाला कपचा उडालेला नको. भिंगाखाली पाहून खात्री करा. अतिनील डिटेक्टर वापरणार असाल तर खिडकी (डिटेक्टरच्या जागी बाहेरचं आवरण काढून केलेली पारदर्शक जागा) आत्ताच जाळून घ्या. थर दिल्यावर आच लावली तर आतलं बहुवारिक करपतं. (तयार कोटेड कॅपिलरी म्हणूनच खिडकीसकट मागवावी.)

२. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने सुमारे १ बार दाबावर २० मिनिटं धुवा, मग शुद्ध पाण्याने १० मिनिटं. अल्कलीचं काम इथेच संपतं. सगळा थर नव्याने द्यायची वेळ आली नाही, तर या कॅपिलरीत हायड्रॉक्साइड पुन्हा येणार नाही.

३. पॉलिब्रीनचं ५ टक्के द्रावण ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून १५ मिनिटं वाहू द्या. त्यानंतर पाच मिनिटं पाणी.

४. इथे थांबून तपासणी करा. बफर भरा, डायमिथाइल सल्फॉक्साइडचा किंचित अंश तटस्थ खूण म्हणून सोडा (प्रभार नसल्याने ती फक्त ईओएफबरोबर वाहते) आणि ध्रुव उलटे करून रन घ्या. खुणेचा पीक आला तर थर बसला. नेहमीच्या ध्रुवांवर आला, तर भिंत अजून उघडी आहे. पायरी २ पासून पुन्हा करा.

५. डेक्स्ट्रान सल्फेटचं ३ टक्के द्रावण १५ मिनिटं, पाणी ५ मिनिटं, बफर १० मिनिटं. आता खूण नेहमीच्या ध्रुवांवर यायला हवी.

दोन्ही बहुवारिकांच्या मधलं पाणी कधीही चुकवू नका. ती एकमेकांना भेटली की गोळा होतो आणि ५० मायक्रोमीटरची नळी कायमची तुंबते. त्याच कारणाने दोघांच्या बाटल्या आणि टाकाऊ द्रावणाची बाटलीही वेगवेगळी ठेवा.

तटस्थ कॅपिलरीची तपासणी अशी सोपी नाही, कारण ईओएफच नसेल तर खूण पोहोचायला तास जातील. तिथे दाबाची युक्ती करतात. खुणेचा पहिला ठिपका सोडून ठरावीक वेळ दाबाने पुढे ढकलायचा, दुसरा सोडून तेवढाच वेळ ढकलायचं, मग काही मिनिटं व्होल्टेज लावायचं, तिसरा सोडायचा आणि सगळे दाबाने बाहेर काढायचे. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर यांत जो फरक पडतो तो ईओएफने केलेला. अंतरं सारखी आली तर कोटिंग ठणठणीत आहे.

बफर : निवड इथे होते

अतिविरल द्रावणातल्या गतिशीलता पाहा: मॅग्नेशियम ५.४९, जस्त ५.४७, मँगनीज ५.५४, तांबं ५.५६. ईओएफ शून्यावर आणला तरी हे चौघे हातात हात घालूनच येणार. पाण्याचं आवरण घेऊन फिरणारे हे आयन आकाराने जवळजवळ सारखेच आहेत. त्यांना वेगळं करायचं तर त्यांच्यातला रासायनिक फरक वापरावा लागतो, आणि ते काम करतं बफरमधलं गुंतवणारं द्रव्य.

यासाठी सर्वात उपयोगी पडतं अल्फा-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल, प्रयोगशाळेच्या बोलीत हिबा. त्याचा ऋण आयन धातूला क्षणभर धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. जितका वेळ धरलेला, तितका धातूचा सरासरी प्रभार कमी आणि चाल मंद. तांब्याला हिबा घट्ट धरतं, मँगनीजला सैल, पोटॅशियमला जवळजवळ नाहीच. म्हणून पोटॅशियम आधी आणि तांबं सगळ्यात शेवटी येतं. दुर्मिळ मृदा धातूंमध्ये तर हा परिणाम फार सुंदर दिसतो: लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाचा आकार कमी होत जातो, हिबाची पकड वाढत जाते आणि पीक जवळजवळ अणुक्रमांकाच्या ओळीने उभे राहतात. लॅक्टिक किंवा टार्टारिक आम्लही चालतं. पकड कमी-जास्त करायची असेल तेव्हा ते आजमावून पाहा.

पोटॅशियम आणि अमोनियम यांचं कोडं वेगळं आहे. दोघांची गतिशीलता तंतोतंत सारखी, ७.६, आणि हिबा दोघांनाही विचारत नाही. इथे १८-क्राउन-६ हे वलयाकार द्रव्य काही मिलिमोलर घाला. पोटॅशियम त्या वलयात अमोनियमपेक्षा नीट बसतो, म्हणून मागे पडतो. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही याच वलयात अडकतात, बेरियम तर फारच. ते नमुन्यात असतील तर त्यांची जागा बदलेल हे लक्षात ठेवा.

बहुतेक धातूंचे आयन अतिनील प्रकाश शोषत नाहीत. म्हणून बफरमध्येच प्रकाश शोषणारा धन आयन ठेवतात आणि धातू आला की तिथे शोषण घटतं, त्याचा पीक मोजतात. यासाठी इमिडॅझोल २१४ नॅनोमीटरवर चांगलं काम करतं. सुरुवातीचं मिश्रण म्हणून १० मिलिमोलर इमिडॅझोल आणि ६.५ मिलिमोलर हिबा घ्या आणि अॅसेटिक आम्लाने पीएच ४.५ करा.

पीएच जमवताना सोडियम हायड्रॉक्साइडला हात लावू नका. त्याने बफरमध्ये प्रकाश न शोषणारा सोडियम शिरतो, संवेदनक्षमता खालावते आणि भलतेच पीक उगवतात. फॉस्फेटचे बफरही टाळा. त्यांत बहुधा सोडियमच असतो आणि अनेक धातू फॉस्फेटबरोबर साक्याच्या रूपात खाली बसतात.

दुसरा पर्याय म्हणजे संपर्करहित वाहकता डिटेक्टर. १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे तो कॅपिलरीसाठी वापरून दाखवला. दोन नळीसारखे इलेक्ट्रोड कॅपिलरीच्या बाहेरूनच बसतात, त्यामुळे खिडकी जाळावीच लागत नाही आणि कोटेड कॅपिलरीसाठी हा मोठाच फायदा आहे. त्यासाठी एमईएस (एक सल्फॉनिक आम्ल) आणि हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) प्रत्येकी २० मिलिमोलर हा रुळलेला बफर आहे. त्याचा पीएच आपोआप ६.१ च्या आसपास येतो. अल्कली आणि अल्कधर्मी मृदा धातूंना तो उत्तम. तिहेरी प्रभाराचं लोखंड मात्र या पीएचला द्रावणात टिकणार नाही.

नमुना आणि भांडी

इथे काचेची भांडी शत्रू आहेत. काचेतून सोडियम झिरपतो, बोटांवरून तर सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही उतरतात. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या वापरा, त्या विरल नायट्रिक आम्लात भिजवून शुद्ध पाण्याने अनेकदा विसळा, आणि दर वेळी नुसत्या पाण्याचा कोरा रन घ्या. कोऱ्या रनमध्ये सोडियमचा पीक दिसला तर नमुन्यातल्या सोडियमवर अजून विश्वास ठेवू नका.

बाजारातली प्रमाण धातूद्रावणं बहुधा नायट्रिक आम्लात असतात. ती बफरपेक्षा जास्त वाहक असतील तर नमुन्याचा पट्टा आवळण्याऐवजी पसरतो. म्हणून शुद्ध पाण्याने भरपूर विरळ करा.

पहिला रन

तटस्थ कोटेड कॅपिलरी, एकूण ६० सेंमी, डिटेक्टरपर्यंत ५० सेंमी, व्यास ५० मायक्रोमीटर, तापमान २५ अंश. नमुना अॅनोडच्या टोकाला, डिटेक्टर कॅथोडच्या बाजूला. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लिथियम, प्रत्येकी ५ मिलिग्रॅम प्रति लिटर.

आधी पाण्याने, मग बफरने कॅपिलरी धुवा. दोन्ही बाटल्यांतल्या बफरची पातळी सारखी ठेवा. ईओएफ नसलेल्या नळीत पातळीतला थोडासा फरकही सायफनसारखा प्रवाह निर्माण करतो आणि वेळा बिघडवतो. मग ५० मिलिबार दाब ५ सेकंद देऊन नमुना घ्या. या मापाच्या नळीत यातून सुमारे ७ नॅनोलिटर आत जातात, म्हणजे नळीच्या एकूण आकारमानाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. याहून जास्त घेण्याचा मोह पहिल्या दिवशी आवरा.

२० किलोव्होल्ट लावा आणि पहिलं मिनिटभर विद्युतप्रवाहाचा आकडा बघत बसा. वरच्या बफरमध्ये तो सुमारे ५ ते १० मायक्रोअँपियर असावा. शून्यावर गेला तर आत बुडबुडा आहे. नाचू लागला तर बफर नीट गाळलेला किंवा वायुमुक्त केलेला नाही. सतत चढत गेला तर नळी तापते आहे. तापमान महत्त्वाचं आहे, कारण एका अंशाने पाण्याची चिकटता सुमारे २ टक्क्यांनी उतरते आणि तेवढ्याने प्रत्येक आयन वेगाने येतो.

३० किलोव्होल्टपर्यंतच्या या यंत्राचं झाकण उघडल्यावर वीज तोडणारी सुरक्षा-कळ असते. कोणत्याही कारणासाठी ती निकामी करू नका. शिसं, कॅडमियम यांची द्रावणं वेगळ्या बाटलीत गोळा करा.

पोटॅशियम सगळ्यात आधी आणि लिथियम मागाहून येईल. सोडियम आणि कॅल्शियम यांचा आपसातला क्रम हिबाच्या प्रमाणावर अवलंबून असतो, म्हणून प्रत्येक धातूचं एकेकटं द्रावण सोडून ओळख पटवूनच घ्या.

आलेखात काय वाचायचं

पोटॅशियमचा पीक हळू चढून एकदम कोसळतो आणि लिथियमचा एकदम चढून हळू उतरतो, हे दिसलं तर घाबरू नका. तो भिंतीचा दोष नाही. बफरमधल्या इमिडॅझोलपेक्षा वेगवान आयन पुढे तिरपे होतात, त्याच्याहून संथ आयन मागे. नमुना विरळ करा, तिरपेपणा कमी होईल. पण इमिडॅझोलच्या वेगाजवळ असलेल्या आयनालाही शेपूट असेल, तर भिंत संशयित आहे.

सगळ्या पीकच्या वेळा एकाच दिशेने सरकत असतील तर आधी तापमान आणि पातळी तपासा. ती ठीक असतील तर कोटिंग झिजतंय. दोनच पीक एकमेकांजवळ सरकले आणि बाकीचे जागेवर असतील, तर कोटिंगला दोष देऊ नका. हिबाचं प्रमाण किंवा पीएच बदलला आहे. हिबाचं आयनीकरण पीएच ४ च्या आसपास झपाट्याने बदलतं, त्यामुळे ०.१ पीएचचा फरकही दिसतो.

प्रमाण काढताना पीकचं क्षेत्रफळ थेट वापरू नका. संथ आयन डिटेक्टरसमोर जास्त वेळ घालवतो, म्हणून त्याचं क्षेत्रफळ फुगतं. क्षेत्रफळाला त्याच पीकच्या वेळेने भागा. नमुन्यात लिथियम नसेल तर प्रत्येक नमुन्यात ठरावीक लिथियम अंतर्गत प्रमाण, म्हणजे तुलनेचा आधार, म्हणून घाला.

कॅपिलरी जपणं

कोटेड कॅपिलरी हायड्रॉक्साइडने धुणं ही सवयीने होणारी चूक आहे, कारण साध्या कॅपिलरीच्या प्रत्येक कृतीत ते असतंच. पॉलिअॅक्रिलअमाइडचे अमाइड गट अल्कलीत तुटून कार्बोक्झिलेट होतात आणि तटस्थ भिंत पुन्हा ऋणभारित होते. यंत्रावर आधीच्या माणसाने ठेवलेला धुण्याचा क्रम तसाच चालवू नका, एकेक ओळ वाचा. दिवसअखेर बफर आत सुकू देऊ नका. पाण्याने भरपूर धुवा आणि टोकं पाण्यात बुडवून ठेवा, किंवा उत्पादकाने सांगितलं असेल तशी साठवा. दुहेरी थराची कॅपिलरी झिजली तर पायरी २ पासून पुन्हा थर देता येतो. तटस्थ तयार कॅपिलरीत दाबाची तपासणी अंतरांत मोठा फरक दाखवू लागली, की ती काढून नवी बसवा आणि जुन्या-नव्या दोन्हींवर त्याच प्रमाण मिश्रणाचा रन घेऊन वहीत नोंदवा.